सुपरमरीन एस.४ चं मॉडेल: डावा फ्लोट बुडतोय, पंख थरथरताहेत

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूरचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. एस.४ म्हणजे पाण्यावरून उडणारं जुनं ब्रिटिश शर्यतीचं विमान. बाल्सा आणि थर्माकोलचं रिमोटवरचं एस.४ केलंय, पंख सव्वा मीटर. रविवारी मलप्रभेच्या डोहात सोडलं. थ्रॉटल वाढवला की डावा फ्लोट (चाकांच्या जागी असलेला तरंगता भाग) पाण्यात घुसतो आणि विमान गोल फिरतं. तिसऱ्या खेपेला उडालं, पण वेग घेताच पंख थरथरायला लागले.

डिझायनर आर. जे. मिचेलनी १९२५ मध्ये पंखांना आधाराची एकही तार बाहेरून न लावता हे विमान उभं केलं. मग त्यांच्याच पुढच्या, १९२७ च्या एस.५ ला परत तारा का लावल्या? इतकं देखणं काम सोडून मागं का आले? मला तारा लावायच्या नाहीत.

उद्यमबाग_पॅटर्न
बाळ, मी तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, त्यामुळे एस.४ चा लाकडी पंख बघितला की हात शिवशिवतात. पण तू लेथवर बोरिंग बार (टूल धरणारा दांडा) लांब बाहेर काढून बघितलायस न्हवं? टूलला धार असली तरी चॅटर येतो, म्हणजे टूल थरथरतं. एका टोकाला धरलेल्या पंखाचंही तसंच.

त्या विमानानं सप्टेंबर १९२५ मध्ये ताशी सुमारे ३६५ किलोमीटरचा सी-प्लेनचा विक्रम केला. पुढच्याच महिन्यात, २३ ऑक्टोबरला, बाल्टिमोरला श्नायडर करंडकाच्या (सी-प्लेनच्या शर्यतीच्या) आधीच ते पाण्यात कोसळलं. पायलट हेन्री बियार्ड वाचले. पंखांच्या थरथरीवर संशय गेला, पण कारण पक्कं ठरलं नाही.

मिचेल मागं आले असं मी मानत नाही. तारेनं बांधलेला पंख कमी वजनात ताठ राहतो. शिवाय एस.४ मध्ये मधोमध असलेला पंख पायलटच्या नजरेच्या आड यायचा, तो एस.५ मध्ये खाली घेतला. इंजिन थंड ठेवणारे, पंखांखाली लोंबणारे रेडिएटर काढून पंखाच्या पृष्ठभागावरच बसवले. तारांनी हवेत जेवढं अडवलं त्याच्यापेक्षा जास्त इथं वाचवलं, असं माझं मत. १९२७ ची श्नायडर शर्यत व्हेनिसला झाली, तिथं एस.५ चे पायलट वेबस्टर ताशी ४५३ किलोमीटर सरासरीनं जिंकले. त्याच घराण्यातली १९३१ ची एस.६बी ताशी ६५५ किलोमीटरच्या वर गेली, तिलाही तारा होत्याच की!

तार लाव. गोल नको, चपटी लाव.

निपाणीचे सर
फ्लोटचं मी सांगतो. पुढचा पंखा (प्रोपेलर) एका बाजूला फिरतो तेव्हा विमान उलट बाजूला कलतं, म्हणून तुझा डावा फ्लोट दबतो. एस.५ मध्ये पेट्रोलची टाकीच उजव्या फ्लोटमध्ये होती, ती याच कारणानं. तू बॅटरी उजवीकडे सरकव. आणि थ्रॉटल एकदम देऊ नकोस. त्या विमानांच्या पंख्यांची पाती एकाच कोनात पक्की असत, तीही मोठ्या वेगासाठी बसवलेली. सुरुवातीला ओढ कमी, धाव लांब. पाण्यावर धावायला मैलभर जागा मिळते, म्हणून तर तेव्हा सगळ्यांत वेगवान विमानं पाण्यावरची होती.

मलप्रभाकाठ
सर, बॅटरी उजव्या फ्लोटवर बांधून आज सकाळी सोडलं. सरळ धावलं! दादा, तार अजून लावली नाही. आधी पंखाच्या मुळाशी कार्बनची पट्टी घालून बघतो.

उद्यमबाग_पॅटर्न
घाल. पण उडवायच्या आधी टोकाला वजन टांगून पंख किती वाकतो आणि किती पिळतो, दोन्ही मोज. वाकला तर चालेल, पिळला तर नको. आकडे इथं टाक.