शेतकरी बाजारात सहकुटुंब या, पण घड फोडू नका

बागाईतदार, उत्तर सोलापूर:
रंगपंचमीनंतरच्या रविवारी शेतकरी बाजारात सहकुटुंब जाऊन आल्याचं एकांनी परवा इथे लिहिलं. मुलांनी स्टॉलस्टॉलवर द्राक्षं चाखली, फोटो काढले, आजींनी बचत गटाची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली. इथवर ठीक. शेवटी मात्र लिहिलंय, "भाव मंडईसारखेच, मग मधला दलाल काढून आम्हाला काय मिळालं?" हे वाचून राहवेना.

दादा, मुलांना आणलंत हे फार चांगलं केलंत. पण चाखायला घडातला मधलाच मणी ओढतात. देठाशी साल फाटते, रस गळतो, उन्हात माश्या बसतात. संध्याकाळपर्यंत शेजारचे मणीही मऊ पडतात आणि तो घड कुणी घेत नाही. मागा की! सुटे मणी आम्ही त्यासाठीच वेगळे ठेवतो.

आता भावाचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग मण्यांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं, वर डाउनी-भुरी या बुरशीरोगांची धास्ती. एवढं करून वर्षात हाती एकच पीक. मधले पैसे आमच्या पदरात पडावेत म्हणून तर हा बाजार. 2016 मध्ये फळं-भाजी नियमनमुक्त झाली, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक मिळाली, पणन मंडळाचं आठवडे बाजार अभियान सावता माळींच्या नावानं निघालं. सावता महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे. आणि फेब्रुवारी 2023 आठवा. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं सोलापुरात 512 किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला. हे माहीत असून कुणी "आम्हाला काय मिळालं" विचारलं की जीव जळतो.

यंत्रमागवाल्याच्या घरची:
भाऊ, त्या चेकची बातमी वाचून आमच्याही घशाखाली घास उतरला नव्हता. पण आमच्या घरी पगार आठवड्याला होतो, तोही कारखाना चालला तर. रिक्षाचं भाडं घालून, सासूबाईंना घेऊन बाजाराला यायचं आणि मंडईचाच भाव द्यायचा, तर विचारायचं पण नाही? भावाची पाटी एकाही स्टॉलवर नव्हती. शेजारच्या बाईला एक भाव, मला दुसरा. पाटी लावा, मी घासाघीस करणार नाही.

मंडईतली लेक:
दलाल दलाल काय लावलंय सगळ्यांनी? माझी आई तीस वर्षं मंडईत बसते. पहाटे अंधारात लिलावाला जाते, रोख मोजून माल उचलते, टेम्पोचं भाडं देते. संध्याकाळी उरलेली मेथी काळी पडली तर तो तोटा तिचा, शेतकऱ्याचा नव्हे. तुमचा बाजार रविवारी सकाळपुरता. बाकीचे सहा दिवस सोलापूरला कोथिंबीर कोण पुरवतं? आणि तुमच्या बाजारात स्टिकर लावलेली सफरचंदं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आपल्याकडं कुठल्या शिवारात पिकतात ती?

निवृत्त मास्तर, सात रस्ता:
भाव राहू द्या. द्राक्षांवर ती पांढरी पावडर असते, तिचं बोला. ते औषध आहे. आमच्या नातवानं तशीच खाल्ली, रात्रभर खोकत होता.

बागाईतदार, उत्तर सोलापूर:
मास्तर, ती लव आहे. मण्यावर निसर्गानंच मेणासारखा थर दिलेला असतो, बोटानं पुसला जातो. लव असलेला घड ताजा, जास्त हाताळलेला नाही, असं आम्ही ओळखतो. सोनाका, शरद सीडलेस ही वाणं आपल्या नान्नजच्या बागांतून निघाली. त्या मातीतला माल विषारी म्हणून बदनाम करू नका.

निवृत्त मास्तर, सात रस्ता:
बदनाम कुणी केला? फवारता की नाही, एवढं सांगा. हो किंवा नाही.

बागाईतदार, उत्तर सोलापूर:
फवारतो. न फवारता द्राक्ष आणून दाखवा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते औषधागणिक ठरलेलं आहे, मी तेवढं थांबतो.

यंत्रमागवाल्याच्या घरची:
तुम्ही थांबता, शेजारचा थांबतो का?

निवृत्त मास्तर, सात रस्ता:
तेच तर! 2010 मध्ये युरोपानं आपली द्राक्षं नाकारली, वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून. तेव्हापासून तिकडं जाणाऱ्या मालाची तपासणी कडक झाली. माझ्या नातवाच्या ताटातल्या घडाची तपासणी कोण करतं? बाहेरच्यांच्या पोटाला किंमत आहे, आमच्या पोराच्या पोटाला नाही?

बागाईतदार, उत्तर सोलापूर:
आवाज चढवू नका, मास्तर. माझीही पोरं तीच द्राक्षं खातात. पण न थांबणारे आहेत, हे मला नाकारता येत नाही. भाव चढला की घाईनं माल काढतात. गावातल्या बाजाराची तपासणी व्हायलाच हवी, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर नको. तोवर मिठाच्या पाण्यात ठेवून, नळाखाली चोळून धुवा. स्टॉलवर उभ्या उभ्या पोरांना चारू नका. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

यंत्रमागवाल्याच्या घरची:
तुम्ही घडाचं सांगत होता, धुण्याचं नव्हे. असू दे. पोरांना हात लावू देणार नाही. पाटीचं काय?

बागाईतदार, उत्तर सोलापूर:
लावतो. खडूनं लिहितो, सगळ्यांना एकच भाव. दुपारी उतरवला तर पाटीवरही उतरवेन.

मंडईतली लेक:
पाटी झाली, लव झाली, युरोप झाला. सफरचंदाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. सातबारा बघितल्याशिवाय जागा देऊ नका, मग माझी आईसुद्धा तुमच्या बाजाराविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.