स्पॉन्सर ठीक आहे, पण सर कोण?

वर कोणीतरी लिहिलंय की पैसा आणि कोर्ट असलं की बास्केटबॉलची पोरं आपोआप तयार होतात, कोच कोणीही चालतो. नाही हो, अजिबात नाही पटलं. सतनाम सिंग २०१५ ला एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, ५२ व्या नंबरवर गेला, पहिलाच भारतीय, पण त्याला घडवणारे लुधियाना अकॅडमीचे सुब्रमण्यम सर ते बघायला राहिलेच नाहीत, २०१३ मध्येच गेले.

आमच्या इंदूरचंच सांगतो, मुलगा आधी एका कॅम्पला जायचा (नाव नको), तिथे दहा वर्षांच्या पोरांना मोठ्यांचाच सात नंबरचा बॉल अन् दहा फुटी रिंग, बिचारे गोळाफेक केल्यासारखे खांद्यावरून ढकलायचे. आताच्या कोचदादाने पहिल्याच दिवशी छोटा, पाच नंबरचा बॉल दिला, रिंग साडेआठ फुटांवर घेतली आणि खडूने पिव्हटच्या (म्हणजे जागेवर रोवून ज्यावर फिरायचं त्या) पायाभोवती गोल काढला, पाय गोलाबाहेर सरकला की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर मॅच नाही! पालक वैतागले, मीपण त्यातलाच. परवा चिरंजीव पोह्याची प्लेट हातात घेऊन एका पायावर गरागरा फिरत होते, सगळ्या ओट्यावर जिरावन (पोह्यांवरचा मसाला), आईची बोलणी मला.