नळीला दोष देण्याआधी
पेनसिल्व्हेनियात घेतलेल्या नव्या .३०८ (काडतुसाचा प्रकार) रायफलच्या गोळ्या १०० यार्डांवर ४ इंच पसरतात, नळीच खराब आहे का, असं तुम्ही विचारलंय. लगेच नळीला दोष देऊ नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करून स्कोप (नेम धरायची दुर्बीण) ज्यांवर बसतो त्या बेस आणि रिंगचे स्क्रू तपासा. ॲक्शन (काडतूस भरायची-झाडायची यंत्रणा) दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रूही टॉर्क-रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळा. मग नळी आणि दस्त्यामधून कागदाची पट्टी सरकवा. फ्री-फ्लोट (दस्त्याला न टेकणारी) नळी असूनही पट्टी अडकली, तर दस्ता तिथे टेकतोय.

काही जण सलग दहा गोळ्या झाडून बघायचा सल्ला देतात, तो मला अजिबात पटत नाही. शिकारीच्या रायफलची नळी बारीक असते, लवकर तापते आणि ग्रूप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) फाकतो. तीन झाडा, नळी गार होऊ द्या. टेकू दस्त्याखालीच हवा, नळीखाली कधीच नको.

तरीही फरक नसेल तर १५०, १६५ आणि १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीची काडतुसं आणून बघा; एकाच रायफलला एखादं वजन मानवतं, दुसरं नाही. तिथला रायफलने हरणाच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी उघडतो, पण घाईपायी हरीण जखमी होऊन रानात निसटणं फार वाईट. ज्या काडतुसाने झीरो कराल (स्कोपचा नेम जुळवाल), तेच शिकारीला न्या.