एक दुभती गाय आणि परसबाग: वर्षाची आखणी कशी करावी?

परसदार (प्रश्न):

नमस्कार. घरालगतच्या थोड्या जागेत आमची परसबाग चांगली चालू आहे आणि आता एक दुभती गाय सांभाळायचे घरात ठरले आहे. दूध घरापुरतेच हवे आहे. गाय अजून घेतलेली नाही. त्याआधी वर्षाची आखणी करून ठेवावी असे वाटते, कारण पावसाच्या तोंडावर वाफे, रोपे आणि खुरपणी अशी कामे एकदम अंगावर येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गाय व्याली तर वासराची निगा आणि दोन वेळची धार यांना आम्ही पुरे पडू का, अशी चिंता आहे. गाय कोणत्या ऋतूत व्यावी, भाकड काळ कधी यावा आणि तिचे शेण बागेला कधी द्यावे, याविषयी जाणकारांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

गोठेकरी:

दावणीला एकच गाय असते तेव्हा तिची व्यायची वेळच घरातले सगळे वेळापत्रक ठरवते. बागेची कामे आठ-पंधरा दिवस मागे-पुढे करता येतात, गाईचे तसे नसते. गाय गाभण राहिल्यापासून साधारण 280 दिवसांनी विते. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू उतरत जाते. व्याल्यापासून दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली तर दोन वेतांतले अंतर बारा-तेरा महिन्यांचे राहते आणि पुढचे वेतही जवळपास त्याच ऋतूत येते. व्यायच्या आधीचे सुमारे 60 दिवस दूध आटवून कासेला विश्रांती द्यावी लागते, हाच भाकड काळ.

माझ्या मते पाऊस संपून थंडी सुरू होते तेव्हा गाय व्यावी. त्या वेळी गोठ्याची जमीन कोरडी असते, माश्या कमी होऊ लागतात, नवी वैरण घरात येत असते आणि बांधावरचे गवतही अजून पुरते वाळलेले नसते. याहून मोठे कारण असे की, तिला पुन्हा भरवण्याची, म्हणजे गाभण घालण्याची, वेळ ऐन थंडीत येते. कडक उन्हाळ्यात माज (गाय गाभण राहू शकते ते दिवस) मुका राहतो, म्हणजे बाहेरून कळत नाही, गाभण राहण्याचे प्रमाणही घटते, आणि एक माज हुकला की पुढच्यासाठी सुमारे 21 दिवस थांबावे लागते. असे दोन-तीन माज हुकले की वर्षाची सगळी घडी विस्कटते.

एकट्या गाईचा माज ओळखणे कळपातल्या गाईपेक्षा अवघड असते, कारण तिच्यावर चढणारे किंवा जिच्यावर ती चढेल असे दुसरे जनावर शेजारी नसते. म्हणून पहाटे आणि सायंकाळी तिच्याकडे नीट पाहावे. ती विनाकारण हंबरते, दूध अचानक कमी देते, वारंवार थोडी-थोडी लघवी करते आणि शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसतो. सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी.

हिरवा बांध:

गोठेकरी यांच्या मताचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. ज्यांना स्वतःच्या जागेतल्या हिरव्या चाऱ्यावर अधिकाधिक भागवायचे आहे, त्यांच्यासाठी पावसाच्या सुरुवातीचे वेत सोयीचे ठरते. सुमारे 400 किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला 12 किलोंच्या आसपास शुष्क पदार्थ पोटात जावा लागतो. हिरव्या चाऱ्यात चार-पंचमांश पाणीच असते, त्यामुळे रोज 25 किलो हिरवा चारा घातला तरी त्यातून जेमतेम 5 किलो शुष्क पदार्थ मिळतो आणि उरलेली भर कडब्याने आणि आंबोणाने (पेंड, भरडा अशा खुराकाने) घालावी लागते. दूध ज्या दिवसांत सर्वाधिक असेल त्याच दिवसांत गवतही सर्वाधिक असेल तर आंबोणाचा भार हलका होतो, आणि उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ असते तेव्हा गाय आटलेली असते.

मात्र वाळल्या वैरणीवरून हिरव्यावर तिला एकदम आणू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू आणावे. दवाने किंवा पावसाने भिजलेला कोवळा लसूणघास उपाशीपोटी खाल्ला तर पोटफुगी होते, आणि पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी खाल्ली तर किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागून जनावर थोड्या वेळात दगावू शकते. आधी वाळली वैरण द्यावी आणि मगच हिरवा चारा घालावा.

गोठेकरी:

चाऱ्याचा आपला हिशेब बरोबर आहे, पण भाकड काळ हा गाईच्या दृष्टीने रिकामा काळ नसतो. गर्भाच्या वाढीचा निम्म्याहून अधिक भाग शेवटच्या दोन महिन्यांत होतो, आणि हे दोन महिने कडक उन्हात गेले तर पुढच्या वेताचे दूध कमी राहते. त्यात पावसात, चिखलात वासरू जन्मले तर नाळ पिकणे आणि हगवण यांचा धोका वाढतो. उंचावरचा, उतार काढलेला कोरडा गोठा आणि उन्हाळ्यात दाट सावली असेल तर आपली पद्धत चालेल. चाऱ्याची ओढ मुरघासानेही भागवता येते. चिकात आलेल्या (दाण्यांत दुधाळ चीक भरलेल्या) मक्याची कुट्टी दाबून हवाबंद ठेवली की साधारण 45 दिवसांत मुरघास तयार होतो.

वाफा:

शेणाविषयी लिहितो, कारण बागेचा खरा लाभ तिथे आहे. गाईच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मूत्रात असतो आणि ते उघड्या जमिनीवर पडले तर अमोनिया होऊन हवेत उडून जाते. म्हणून गाईखाली पालापाचोळा किंवा वाया गेलेल्या वैरणीची बिछायत घालावी आणि ती भिजली की शेणासह खताच्या ढिगावर न्यावी. ढीग नीट पेटला की आतले तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढते. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. हातात धरवत नसेल इतकी ती तापली असेल तर ढीग योग्य चालला आहे. ढीग निवू लागला की बाहेरचा भाग आत जाईल असा पालथा घालावा, म्हणजे तणांचे बी आणि रोगजंतू सर्वत्र मरतात. ताजे शेण उभ्या भाजीला कधीही घालू नये. ते द्यायचेच असेल तर मातीला टेकणाऱ्या पालेभाज्या आणि कंद यांच्या काढणीआधी किमान 120 दिवस आणि मातीपासून उंच धरणाऱ्या फळभाज्यांच्या काढणीआधी किमान 90 दिवस मातीत मिसळलेले असावे.

बागेतले उरलेसुरले गाईला घालतानाही विचार करावा. बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, तसेच हिरवे पडलेले बटाटे देऊ नयेत. कांदा भरपूर खाल्ला तर तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. गाजर, बीट किंवा बटाटा अख्खा घशात अडकतो, म्हणून फोडी करून द्याव्यात. कोबीचा पाला धार काढल्यानंतर द्यावा, कारण धारेच्या आधी दिला तर त्याचा वास दुधाला लागतो.

परसदार:

सर्वांचे मनापासून आभार. आमचा गोठा सखल भागात होणार असल्याने थंडीच्या सुरुवातीचे वेतच आम्हाला मानवेल असे दिसते. त्या हिशेबाने आटवण्याची वेळ पावसाळ्याच्या उत्तरार्धात येईल. दूध देत असलेली गाय नेमकी आटवावी कशी, एवढे कृपया सांगावे.

गोठेकरी:

आटवण्याच्या आठवडाभर आधीपासून आंबोण कमी करत न्यावे, हिरवा चारा घटवून वाळली वैरण वाढवावी, पाणी मात्र तोडू नये. दूध पुरेसे उतरले की एक दिवस ठरवून कास पूर्ण रिकामी करावी, सडांत कोणते औषध सोडायचे ते पशुवैद्यांकडून आधीच ठरवून घ्यावे आणि त्यानंतर धार बंद करावी. तीन-चार दिवस कास तटतटलेली दिसेल, आणि ते पाहवत नाही म्हणून थोडे दूध काढण्याचा मोह होईल. तसे केले की पान्हा पुन्हा सुरू होतो आणि सडाचे तोंड उघडे राहून दगडीला (कासेच्या सुजेच्या रोगाला) वाट मिळते. कास आपोआप सैल पडते. आपल्याकडे हे दिवस ओलीचे असल्याने बसण्याची जागा रोज कोरडी ठेवावी, आणि एखादा सड गरम किंवा टणक लागला तर त्याच दिवशी उपचार करावेत.

व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत लसूणघास बंद ठेवावा, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि बाहेरून आयते मिळत राहिले की गाईचे शरीर हाडांतले कॅल्शियम वापरायला सरावत नाही. व्याल्यानंतरच्या तीन दिवसांत ती लटपटू लागली, कान गार पडले किंवा मान पोटाकडे वळवून बसली आणि उठेना, तर तो दुग्धज्वर, म्हणजे रक्तातले कॅल्शियम घटल्याने होणारा आजार, समजावा. अशा वेळी तिला तोंडाने काहीही पाजू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि औषध फुप्फुसात उतरते. तिला छातीवर बसते धरून ठेवावे आणि पशुवैद्यांना रात्र असली तरी लगेच बोलवावे.