देकार्तच्या धड्यात अँटन आमो हवा की नको?

शब्दवेडा (धागाकर्ता):
पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवताना देकार्त, स्पिनोझा, लाइबनिट्स, ह्यूम, कांट ही रांग ठरलेली. तीत अठराव्या शतकातला आफ्रिकी तत्त्वज्ञ अँटन आमो हवाच, असं माझं ठाम मत आहे. साधारण १७०३ साली आजच्या घानातल्या आक्सिमजवळ जन्म. लहानपणीच डच वेस्ट इंडिया कंपनीने त्याला युरोपात नेलं आणि तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या घरी पोचला. पुढे हालेत शिक्षण, १७३४ मध्ये विटेनबर्गला लॅटिन प्रबंध, १७३८ मध्ये मोठा ग्रंथ, हाले आणि येनात अध्यापन. एवढं सगळं छापील असताना ह्यूम १७५३ मध्ये तळटीप लिहितो की गोऱ्यांखेरीज कुणाकडे ना कला, ना विद्या! कांटनेही १७६४ मध्ये ह्यूमचाच हवाला दिला. संताप येतो वाचून.

तर्कशुद्ध:
अन्याय झाला, मान्य. पण इतिहास म्हणजे कुणी कुणाला उत्तर दिलं याची साखळी. आमोला कुणी उत्तर दिलं? बी.ए.च्या वर्गात कांटसुद्धा धड उरकत नाही. नुसतं प्रतिनिधित्व म्हणून नाव घातलंत, तर पोरं जन्मगाव पाठ करतील. शिवाय बेनिनचे तत्त्वज्ञ हुंतोंजी यांनीच दाखवलंय की आमोचा सगळा संवाद युरोपीय वाचकांशी होता. मग त्याला आफ्रिकी परंपरेचा प्रतिनिधी तरी कसं म्हणायचं?

शब्दवेडा:
प्रतिनिधी म्हणून नकोच, युक्तिवादासाठी हवा. देकार्त एका पत्रात म्हणतो की आत्मा विचार करतो, आणि शरीराशी जोडलेला असल्यामुळे त्याच्यासोबत भोगतोही. आमो नेमकं हेच वाक्य उचलतो आणि नाकारतो. संवेदना होणं म्हणजे बाहेरचा परिणाम सोसणं. मन तर स्वभावतःच सक्रिय, ते काही सोसत नाही. म्हणजे चटका बसला तर तो जिवंत शरीराला जाणवतो, मनाला नाही. मन आणि शरीर वेगळी, हे देकार्तचं द्वैत त्याच्यावरच उलटवलंय!
आणि प्रभावाचं म्हणाल, तर आपला पहिला ग्रंथ छापखान्यातून मेलेलाच जन्मला, असं खुद्द ह्यूमने लिहून ठेवलंय. त्याला वाचक नंतर मिळाले. आमो मात्र गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, परतला आणि युरोपातल्या वादातून त्याचं नाव पुसलं गेलं.

गोदाकाठ:
हे वाचून सांख्य दर्शनातला पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, आठवला. सुखदुःखं प्रकृतीची, पुरुष अलिप्त.

शब्दवेडा:
जवळचं आहे, पण पुरुष अकर्ता. आमोचं मन उलट हेतू धरून कृती करणारं. फरक मोठा आहे.

तर्कशुद्ध:
युक्तिवाद दमदार आहे, हे कबूल. तरी जागा एकच असेल, तर माझं मत बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिला. आत्मा शरीराला हलवतो कसा, हे १६४३ मध्ये देकार्तला तिने विचारलं. त्याला तिच्याशी झगडावं लागलं. आमोशी त्या पिढीतलं कुणी झगडलं नाही.

शब्दवेडा:
मुळात जागा एकच का? आमो उद्धृत करतो ते पत्र देकार्तने एलिझाबेथलाच लिहिलेलं आहे. तिचा प्रश्न, देकार्तचं उत्तर, आमोचा आक्षेप: तीन छोटे उतारे, एकच तास. पुढच्या सत्रात मी असंच शिकवणार आहे.