आधी नफा, मग द्वेष
आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचं मूळ कारण वंशद्वेष होतं, असं म्हटलं जातं. मला क्रम उलटा वाटतो. १७८१ चं झॉन्ग हे गुलाम वाहून नेणारं ब्रिटिश जहाज घ्या. पाणी संपत आलंय असं सांगून खलाशांनी १३० च्या आसपास गुलाम, जिवंत माणसं, समुद्रात फेकली आणि जहाजाच्या लिव्हरपूलच्या मालकांनी ‘माल’ बुडाला म्हणून माणशी ३० पौंड विम्याची भरपाई मागितली. १७८३ साली लंडनच्या कोर्टात वाद रंगला तो विम्याच्या पैशांवर, खुनाचा खटला झालाच नाही! (आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात जाणाऱ्या मालात गुजरात-कोरोमंडलचं सुती कापडही असे, हे आपण सोयीने विसरतो.) १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटनने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली, ती गुलामांच्या मालकांना. सुटलेल्यांपैकी बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या (अप्रेंटिसशिपच्या) नावाखाली जुन्या मालकांच्याच मळ्यांवर राबावं लागलं.