दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पहिला फुकट गेला का?

नगरकर: गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने चाळिशीत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतला. दुसऱ्यांदा! पहिला तो तीन महिन्यांचा असताना झाला होता. पाळकसाहेबांनी पितळी वाटीतलं पाणी कपाळाला लावलं, आजोबांनी पेढे वाटले. आता नव्या मंडळीने (चर्चने) त्याला विहिरीजवळच्या हौदात पाठीवर कलता करून पार बुडवला. वर येऊन म्हणतो, "हा खरा." काकू तिथेच रडायला लागली.

माझं मत सांगतो. वाटी की हौद हा वाद वरवरचा आहे. बाप्तिस्म्यात काम देव करतो की माणूस, हा खरा प्रश्न. देव करत असेल, तर मूल तेव्हा झोपलं होतं म्हणून काय बिघडलं? दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव आलाच नव्हता असं म्हणणं.

हौदवाला: "दुसऱ्यांदा" हाच शब्द चूक. पहिला झालाच नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्यासारखे उठवले गेलो. चिमूटभर माती टाकून कोणी मढं पुरलं म्हणतं का? आधी विश्वास, मग पाणी. झुरिकमध्ये 1525 पासून हेच म्हणणारे लोक होते. त्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी 1527 मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं, तेही प्रोटेस्टंट नगरपालांनी. पाण्यावरून इतकं झालंय, तेव्हा वाद वरवरचा म्हणू नका.

वसईकर: आम्हा कॅथलिकांकडे याला स्नानसंस्कार म्हणतात, आणि तो जन्मात एकदाच. कपाळावर पाणी, मग तेल, पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती. बाळाला काय कळतं? काही नाही. आईचं दूध तरी कुठे कळून पितं? कृपा ही देणगी आहे, परीक्षेचा निकाल नव्हे. बाळ दगावेलसं वाटलं तर दवाखान्यातली नर्ससुद्धा पाणी ओतून हा संस्कार देऊ शकते, ती ख्रिस्ती नसली तरी. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने पाण्याने झाला असेल, तर तुमचा प्रोटेस्टंट बाप्तिस्माही आम्ही पुन्हा देत नाही.

आणि बायबलमधल्या फिलिप्पै गावच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा भर रात्री झाला. तेव्हा हौद कुठून आणला? 'डिडाखे' हा फार जुना ख्रिस्ती ग्रंथही सांगतो की वाहतं पाणी उत्तम, पण पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता.

हौदवाला: त्याच 'डिडाखे'त पुढे लिहिलंय की बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. तान्ह्याला उपास घडवणार का? आणि त्या अधिकाऱ्याच्या घरात पाळणा होता असं कुठे आहे?

वसईकर: नव्हता असंही कुठे नाही. पण उपासाचा मुद्दा मानला 🙂

झेंड्याखालची: मी मुक्तिफौजेतली, म्हणजे साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती पंथातली. आमच्यात पाणीच नाही! 1883 पासून आम्ही ना बाप्तिस्मा देतो ना प्रभुभोजन. सैनिक, म्हणजे सभासद, होताना झेंड्याखाली शपथ घेतो, बस. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराला कोणी बाप्तिस्मा दिला होता? तरी तो सुखलोकात गेलाच ना?

हौदवाला: ताई, त्याला खाली उतरायला वेळ मिळाला असता तर घेतला असता.

सोलापूरकर: सगळे पवित्र शास्त्रातच अडकलात. आपल्या मातीत या पाण्याचा अर्थ काय झाला तेही बघा. घरात ख्रिस्ताची भजनं म्हटली तर भाऊबंद फार तर हसतात. डोक्यावर पाणी पडलं की पंगत तुटते. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते लिहून ठेवलंय. त्याच टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत काढली, तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. शिवाय 1950 च्या आदेशाने दलित ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. पौलाच्या मनात हे असणं शक्य नाही, पण आपल्याकडे ते पाण्याला चिकटलंय. म्हणून मला टिळकांचंच पटतं.

हौदवाला: किंमत मोजावी लागते म्हणूनच तर तो स्वतः घ्यायचा. बापाने मुलाच्या नावावर मोजायची नाही.

नगरकर: हे मात्र वजनदार आहे. पण याने माझंच पारडं जड होतं. आमच्या पणजोबांनी गावकीचं पाणी तुटलं तेव्हा ती किंमत मोजली, आणि भावाच्या कपाळावरचं ते पाणी त्याच घरात आलं होतं. बाकी सोलापूरकर, उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 मध्ये नागपूरला एकत्र आली तेव्हा बाळांचा आणि जाणत्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे एका छपराखाली मानले गेलेच की. सोबत राहता येतं.

हौदवाला: छपराखाली येतं हो. एका घरात? काकू बोलतात का त्याच्याशी?

नगरकर: बोलते. रविवारी आमची उपासना आटोपून त्याच्या मंडळीत डबा घेऊन जाते. पण वहिनीला आठवा महिना लागलाय, आणि काकूने पाळकसाहेबांना आत्ताच तारीख विचारून ठेवली आहे. भावाला अजून कोणी सांगितलेलं नाही.